थराखालचे वजन

झाकणे आणि लपवणे या दोन क्रियापदांत आपण बोलताना फारसा भेद करीत नाही. आई निजलेल्या लेकराला पांघरुणाने झाकते. चोर चोरलेली वस्तू तसल्याच पांघरुणाखाली लपवतो. हाताची हालचाल दोन्हीकडे एकच, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला दिसते तेही एकच. तरीही नीतीच्या दृष्टीने या दोन कृतींत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. प्रश्न येतो तो मधल्या जागेत. आपण झाकतो आहोत की लपवतो आहोत हे जेथे आपले आपल्यालाच उमगत नाही, तेथे निवाडा कोणी करावा आणि कशाच्या आधाराने? हा प्रश्न आम्हांला कोणत्याही ग्रंथाने घातला नाही. तो राजूर येथे, एका चित्राच्या निमित्ताने, सातवीत शिकणाऱ्या एका मुलाने घातला. त्यास आता काही वर्षे लोटली. उत्तर पुरते हाती आले आहे असे म्हणवत नाही. पण प्रश्न वाचकांपुढे ठेवण्याइतका स्वच्छ झाला आहे.

राजूर हे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्याचे गाव. अकोल्याहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. येथून पश्चिमेकडे जावे तसा पाऊस वाढत जातो. रतनवाडी-घाटघरकडे तर तो नुसता कोसळतो. १९२६ साली बांधून पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण त्याच पावसावर भरते आणि खाली प्रवरेच्या कालव्यांवरचा ऊस त्याच पाण्यावर उभा राहतो. पाऊस वर पडतो आणि त्याचा पैसा खाली होतो, एवढेच येथे नोंदवून पुढे जाऊ. या भागातील डांगी गाईबैलांची कातडी निसर्गाने अशी केली आहे की तीतून एक तेलकट द्रव पाझरतो आणि पाऊस अंगावरून निथळून जातो. माणसांच्या भिंतींना असे वरदान नाही. २०१८ च्या पावसाळ्यात तेथील एका वसतिगृहाच्या प्रार्थनागृहात वेदीमागच्या भिंतीला मोठी ओल आली. चुना लावावा आणि आठ दिवसांत तो फुगून पडावा, असे चालले होते. आम्ही त्या सुमारास चित्रकलेचे वर्ग घेण्यासाठी त्या बाजूस जात असू. व्यवस्थापक फादरांनी आम्हांस बोलावून हसत सांगितले, की या डागावर टांगता येईल असे एखादे मोठे चित्र मुलांकडून करून घ्या. म्हणजे त्या चित्राचा जन्मच मुळी काही तरी झाकण्यासाठी झालेला. तेव्हा हे आमच्या ध्यानी आले नव्हते.

वसतिगृहातील मुले बहुतेक महादेव कोळी आणि ठाकर समाजांची. ख्रिस्ती घरांतली अगदी थोडी. चित्र एकाच रंगाने, एकाच कुंचल्याने न करता निरनिराळ्या वस्तू आणि रंग यांचे थरावर थर चढवून करायचे, ही कल्पना आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना समजावून सांगू लागलो. थोड्याच वेळात आमच्या ध्यानात आले, की आम्ही माशांना पोहणे शिकवीत आहोत. ही मुले ज्या घरांत वाढली, त्या घरांच्या भिंती कुडाच्या. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यांवर शेणमातीचा गिलावा द्यायचा, आणि पुढे दर वर्षी पावसाळा सरल्यावर त्यावर नवा हात फिरवायचा. जुना थर खरवडून काढायचा नसतो. नवा थर जुन्याच्या खडबडीतपणाला धरून बसतो. खालचा अगदी गुळगुळीत असता तर वरचा टिकलाच नसता. वीस वर्षांच्या अशा भिंतीत वीस दिवाळ्या एकावर एक बसलेल्या असतात. आम्ही ज्याला आधुनिक चित्रकलेचे तंत्र म्हणून सांगत होतो, ते या मुलांच्या आज्यांना ठाऊक होते.

सहा फूट लांब आणि चार फूट उंच अशी सागाची चौकट केली, तीवर मांजरपाट ताणून बसवले. त्याला आधी सरसाचा एक हात आणि मग खडूची पूड कालवून दोन हात. त्यावर गोणपाटाचे तुकडे, भाताचा तूस, नदीची वाळू, लाकडाचा भुसा. कागद चिकटवण्यास गव्हाच्या पिठाची खळ. पावसात खळीला दुसऱ्या दिवशीच बुरशी धरते. म्हणून पुस्तके बांधणारे घालतात तसा तीत चिमूटभर मोरचूद घालावा लागे. तो विषारी असल्याने ते काम आम्ही मुलांकडे दिले नाही. रंगांत गेरू, हळद, चुना, काजळी, आणि गेल्या वर्षीच्या झावळ्यांची, राखेच्या बुधवारी उरलेली मूठभर राख. सर्वांत कठीण गोष्ट वाळवण्याची. ऑगस्टात राजूरला काहीच वाळत नाही. चौकट उचलून स्वयंपाकघरात न्यायची आणि चुलीपासून चार हात दूर उभी करायची. येथे धीर सुटला की काम बिघडते. खालचा थर ओला असताना त्यावर घाईने दुसरा जाड थर दिला, तर वरचा आधी सुकतो, खालचा मागाहून आक्रसतो, आणि वरच्याला भेगा पडतात. ज्याने कधी तैलरंग हाताळले आहेत त्याला हा नियम सांगावा लागत नाही. ज्याने माणसे हाताळली आहेत त्यालाही बहुधा लागू नये.

काळा रंग मात्र राजूरचा स्वतःचा होता. अकोले, जुन्नर, आंबेगाव या डोंगरपट्ट्यात बाळहिरडा हे आदिवासी कुटुंबांचे उन्हाळ्यातील रोख उत्पन्न आहे. कोवळी फळे गोळा करायची, उन्हात वाळवायची आणि व्यापाऱ्याला घालायची. हिरड्यात टॅनिन असते आणि लोखंडाशी त्याचा संयोग झाला की गर्द काळा रंग तयार होतो. आंध्रातील कलमकारीचा काळा याच न्यायाने होतो: कापड हिरड्याच्या पाण्यातून काढतात आणि गुळात आंबवलेल्या गंजक्या लोखंडाचे पाणी कलमाने त्यावर फिरवतात. मुलांनी घरून पिशव्या भरून हिरडा आणला. तो कुटून उकळला, आणि गंजके खिळे व तुटक्या विळ्याची पाती गुळाच्या पाण्यात आठवडाभर ठेवली. पिवळट पाण्यात गढूळ पाणी पडताच दोन्ही मिळून क्षणात काळीभोर झाली, तेव्हा मुलांनी जो गलका केला तो अजून कानांत आहे. डोंगरात पायाखाली येणाऱ्या फळात एवढी रात्र साठलेली असेल, असे त्यांना वाटले नव्हते.

चित्राचा विषय आम्ही ठरवला होता: उत्तम शुक्रवारी दुपारी पडलेल्या अंधारापासून पुनरुत्थानाच्या पहाटेपर्यंत. आकृती एकही नाही. डावीकडे हिरड्याचा काळा, मग गेरू, मग उजवीकडे वाढत जाणारी हळद आणि चुना. थरांत घालण्यासाठी मुलांना सांगितले, की घरून एखादा कागद आणा. ज्या कागदाशी घरातल्या माणसांचा काही संबंध आला आहे असा. कागद आले ते पाहण्यासारखे होते. एस.टी.ची तिकिटे, दवाखान्याची चिठ्ठी, चुलतबहिणीची लग्नपत्रिका, बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल, विडीच्या बंडलाचा कागद. त्या मुलाने आणली हिरड्याच्या वजनाची चिठ्ठी. वर दुकानाचे नाव छापलेले. खाली जेलपेनने लिहिलेले: बाळहिरडा, ४१ किलो, कडता ३. आणि कडेला पेन्सिलीने, मुलाच्याच वळणदार अक्षरात: ‘घरी ४६’. शेजाऱ्याचा ताणकाटा मागून आणून त्यांनी घरी माल तोलला होता. म्हणजे घरून निघाले ४६ किलो, आणि पैसे मिळाले ३८ किलोंचे.

त्याने ती चिठ्ठी काळ्या भागात, अगदी डोळ्यांसमोर येईल अशा जागी चिकटवली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही चित्र दुरून पाहिले. अंधारात तो पांढरा चौकोन खुपत होता. आम्ही काळ्या रंगाचे भांडे घेतले आणि दोन हात फिरवले.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, “सर, माझी चिठ्ठी दिसत नाही.”

“खाली आहे,” आम्ही म्हणालो. “खालचं कुठं जात नाही. वरच्या रंगाला तीच उंची देते. हात लावून बघ.”

त्याने बोट फिरवले. “हाताला लागते,” तो म्हणाला, “पण वाचता नाही येत.” आणि कुंचले धुवायला निघून गेला.

आम्ही जे उत्तर दिले ते चित्रकलेच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. चित्रात जगातली खरीखुरी वस्तू आणून चिकटवण्याची प्रथा १९१२ पासूनची. त्या वर्षी पिकासोने वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड चित्रात बसवले आणि भोवती दोरखंडाची चौकट केली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील हानोव्हर येथे कुर्ट श्विटर्स ट्रामची तिकिटे, वेष्टने, रस्त्यावरचे चिटोरे गोळा करून चित्रे रचू लागला. आपल्या कलेला त्याने जे ‘मेर्झ’ नाव दिले, ते एका बँकेच्या जाहिरातीतून कापलेल्या कागदावर उरलेले ‘कोमेर्झ’ म्हणजे व्यापार या शब्दाचे शेपूट होते. इटलीचा अल्बेर्तो बुर्री हा पेशाने डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली ट्युनिशियात पकडला जाऊन अमेरिकेत टेक्सासमधील छावणीत युद्धकैदी म्हणून राहिला आणि तेथे गोणपाटावर चित्रे काढू लागला. त्याच्या ठिगळे लावलेल्या, शिवलेल्या गोणपाटांत पुष्कळांना जखमा आणि मलमपट्ट्या दिसल्या. त्याने स्वतः असा अर्थ लावण्यास नेहमी नकार दिला. आम्हांला त्याचा हा नकार फार सभ्य वाटतो. कारण गोणपाट आणि जखम दोन्ही त्याचीच होती, आणि त्यांविषयी न बोलण्याचा अधिकारही त्याचाच होता.

आपल्याकडे या थरांच्या विद्येचे सर्वांत मोठे साधक वासुदेव गायतोंडे. १९२४ साली नागपुरात जन्मलेला, गोव्याच्या मुळाचा, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेला हा चित्रकार वर्षाकाठी मोजकीच चित्रे करी. रोलरने रंग पसरायचा, सुरीने ओढायचा, कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे. चढवणे जितके, तितकेच काढून घेणे. त्यांच्या कॅनव्हासपुढे उभे राहिले की वरच्या रंगातून खालचा उजेड येतो, आणि तो कोणत्या थरातून येतो ते सांगता येत नाही. गायतोंडे २००१ साली गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. आपल्या वाचकांना अँजेलो द फोन्सेका हे नाव अधिक जवळचे असेल. १९०२ साली गोव्यातील सांतु इस्तेव्ह येथे जन्मलेले, शांतिनिकेतनात शिकलेले आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून १९६७ पर्यंत चित्रे काढीत राहिलेले फोन्सेका. पवित्र मरियेला साडी नेसवली म्हणून त्यांच्यावर गोव्यात टीकेचा भडिमार झाला. ज्या बंगाली परंपरेत ते शिकले, तीत रंग दिलेला कागद पाण्यात बुडवून काढतात, वाळवतात, पुन्हा रंगवतात, पुन्हा बुडवतात. पाणी जे नेईल ते जाऊ द्यायचे. कागदाने जे प्यायले तेवढेच ठेवायचे. थर देण्याची याहून नम्र रीत आम्हांला ठाऊक नाही.

आणि झाकण्याचे टोकाचे उदाहरण व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे. त्याने १८८७ साली पॅरिसमध्ये गवताच्या एका तुकड्याचे चित्र काढले. त्या गवताखाली काही तरी आहे असा संशय अभ्यासकांना होता. २००८ साली क्ष-किरणांच्या एका प्रगत पद्धतीने ते तपासले, तेव्हा खालून एका शेतकरी स्त्रीचा चेहरा वर आला. काही वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये असताना काढलेला. कॅनव्हासला पैसे नव्हते, म्हणून त्याने जुन्या चित्रावरच नवे काढले होते. व्हॅन गॉगला कोणी दोष देणार नाही. चित्र त्याचे, दारिद्र्यही त्याचे. पण त्या स्त्रीला कोणी विचारले असते, तर ती काय म्हणाली असती? हा प्रश्न आम्हांला पूर्वी कधी पडला नव्हता. राजूरनंतर पडला.

येथे आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. गायतोंडे जो थर झाकतात तो त्यांनीच दिलेला असतो. फोन्सेका पाण्याला जे देतात ते त्यांच्याच कुंचल्यातले. कुडाच्या भिंतीवर नवा हात फिरवणारी बाई आपल्याच घराची भिंत सारवते. आपले जे आहे ते झाकण्याचा, मुरवण्याचा, त्यावर नवे काही उभे करण्याचा अधिकार आपल्याला आहे. किंबहुना जगणे म्हणून आपण दुसरे काय करतो? पण दुसऱ्याने ठेवलेला थर? तो झाकताना हात आमचा होता आणि झाकले गेलेले त्याचे होते. झाकणे आणि लपवणे यांतील सीमारेषा कदाचित रंगाच्या जाडीत नसावी. ती या प्रश्नात असावी, की ज्याचे आहे त्याच्या हाताने हे झाकले गेले काय?

आम्ही ही गोष्ट व्यवस्थापक फादरांच्या कानावर घातली. ते शांतपणे म्हणाले, की तुम्ही केले ते योग्यच केले. चिठ्ठीवर दुकानाचे नाव होते. वेदीमागे ते टांगणे म्हणजे त्या माणसाला न विचारता, त्याची बाजू न ऐकता, देवापुढे आरोपी म्हणून उभे करणे. घरचा ताणकाटा बरोबर होता कशावरून? माल वाटेत सुकून घटला नसेल कशावरून? या म्हणण्यात तथ्य होते आणि आजही आम्हांला ते नाकारता येत नाही. कोणाचीही अब्रू सहज घेऊ नये, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे आणि ती व्यापाऱ्यालाही लागू आहे. परंतु अडचण ही, की ते आमचे कारण नव्हते. आम्ही ना दुकानदाराच्या अब्रूचा विचार केला होता, ना काट्याच्या खरेपणाचा. पांढरा चौकोन काळ्यात शोभत नव्हता, एवढेच. चांगले कारण आम्हांला मागाहून आयते मिळाले, आणि मागाहून मिळालेले चांगले कारण हाही एक थरच असतो.

सौंदर्यासाठी खुपणारी गोष्ट झाकण्याची सवय केवळ चित्रकारांना असते असे नाही. आपल्या धर्मग्रामांत, घरांत, संस्थांत तंटे होतात. मग वडीलधारी मंडळी जमतात आणि म्हणतात, झाले गेले प्रवरेला मिळाले, आता विसरून जा. हे वाक्य नेहमी कोणाला उद्देशून उच्चारले जाते ते पाहावे. ज्याने घेतले त्याला ‘विसरून जा’ सांगावे लागत नाही. तो आधीच विसरलेला असतो. ते सांगितले जाते ज्याचे गेले त्याला: सुनेला, भाऊबंदकीत हरलेल्या धाकट्या भावाला, पगार थकलेल्या गड्याला. सणावाराच्या तोंडावर हा डाग बरा दिसत नाही, म्हणून त्यावर क्षमेचा एक हात फिरवला जातो. आणि तो फिरवणारा हात तिसऱ्याचाच असतो. आम्ही स्वतः अशा बैठकांत बसलो आहोत आणि हे वाक्य उच्चारलेही आहे. त्या वेळी आपण शांतिदूत आहोत असेच आम्हांस वाटले होते.

क्षमा हा आपल्या श्रद्धेचा गाभा आहे, म्हणूनच ती स्वस्त रंगासारखी वापरता येत नाही. जक्कयाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. प्रभू त्याच्या घरी उतरला तेव्हा त्याने नुसते डोळ्यांत पाणी आणले नाही. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि ज्यांना नाडले त्यांना चौपट परत, असा हिशेबच मांडला. चौपट द्यायचे म्हणजे मूळ किती घेतले ते आधी मोजावे लागते. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही हीच शिकवण आहे: प्रायश्चित्त संस्कारात पाप दूर होते, पण पापाने केलेली मोडतोड त्याने आपोआप दुरुस्त होत नाही, चोरलेले परत करावे लागते, घेतलेली अब्रू भरून द्यावी लागते, जखमेची भरपाई शक्य तेवढी करावी लागते. एका सन्मान्य वाचकांनी पूर्वी आम्हांस लिहिले होते, की देव आमची पापे पुसून टाकतो, मग डाग कसला? देव पुसतो यात शंका नाही. तो आपल्या वहीतले पुसतो. शेजाऱ्याच्या वहीतले आपण फेडायचे असते.

प्रभूच्या पुनरुत्थित देहाकडे पाहावे. मृत्यूवर विजय मिळवलेला तो देह नितळ, निर्लेप असता तर कोणाची हरकत होती? पण खिळ्यांच्या खुणा तशाच राहिल्या, आणि थोमाला बोट लावून पाहण्यास सांगण्यात आले. पास्काच्या जागरणात मेणबत्तीवर धूपाचे पाच दाणे खोचतात ते याच पाच जखमांचे. मेण किती सुबक असते. त्यात ते पाच टोचलेले दाणे उंचवट्यासारखे हाताला लागतात. धर्मगुरू ते स्वतःच्या हाताने खोचतो, झाकत नाही. वर्षानुवर्षे हा विधी पाहून आम्हांला त्यातले एवढे साधे लक्षात आले नव्हते.

आम्ही चिठ्ठी उघडी करण्याचे ठरवले. मुलाला शेजारी बसवले, ओला स्पंज घेतला आणि काळा रंग हळूहळू उचलू लागलो. पण हिरड्याचा रंग असा पाहुण्यासारखा येत नाही. तो कागदात शिरून बसला होता, आणि खालची खळ पाण्याने सुटली. दुकानाच्या नावाची वरची पट्टी लगदा होऊन बोटांना चिकटून आली. जेलपेनची शाई पसरून काळ्यात मिसळली. ४१ गेले, ३ गेले. राहिले फक्त पेन्सिलीचे. शिसपेन्सिलीतले ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही. काळ्यावर काळे असल्याने ते समोरून दिसत नाही, पण खिडकीतला उजेड तिरपा पडला की चकाकते: ‘घरी ४६’. ज्याच्याशी ताडून पाहायचे तो आकडाच नाहीसा झाल्यावर या आकड्याला कोणत्याही कचेरीत किंमत नव्हती. मुलगा काही बोलला नाही. त्याने विचारले एवढेच, की आता हे असेच ठेवायचे का. तूच सांग, आम्ही म्हणालो. त्याने थोडा विचार करून सांगितले, ठेवा.

पोळ्याच्या सुट्टीत आम्ही त्याच्याबरोबर त्याच्या वाडीवर गेलो. वडील बैलाच्या शिंगांना रंग देत होते. आम्ही घडले ते सारे सांगितले आणि विचारले, “दादा, तो कागद कुठं दाखवायचा होता का?”

“दाखवायचा व्हता,” ते म्हणाले. “कुनाला दाखवायचा ते ठरलं नव्हतं.” मग थोडे थांबून, “कागदाचं काय, गुरुजी. कागद त्याचाच व्हता. वजन आमचं व्हतं.”

आम्ही आठ किलोंचे पैसे बरोबर नेले होते. ते पुढे केले तेव्हा त्यांना रागही आला नाही आणि संकोचही वाटला नाही. त्यांना ते हास्यास्पद वाटले. “तुम्ही कशापायी?” ते म्हणाले. “तुम्ही कुठं हिरडा घेतला आमचा?” पैसे खिशात घालून, चहा पिऊन आम्ही परतलो. वाटेत मन हलके झाल्यासारखे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

नाताळच्या कार्यक्रमाला वसतिगृहाने पालकांना बोलावले होते. चित्र वेदीमागे लागले होते. भिंतीची ओल तोवर सुकली होती, पण चित्राच्या मागच्या बाजूला तिने आपला एक तपकिरी नकाशा काढून ठेवला होता. गृहस्थ मुलाचा हात धरून पुढे आले. उजवीकडच्या पिवळ्याकडे त्यांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले आणि डावीकडे येऊन उभे राहिले. आकडा कोठे आहे ते मुलाने दाखवले. त्यांनी मान तिरपी करून पाहिले, मग अंगठा त्या जागेवर आणि भोवतीच्या काळ्यावर फिरवला.

“हे काळं कशाचं?”

“हिरड्याचं,” मुलगा म्हणाला. “आम्हीच घरून आणला होता सगळ्यांनी.”

ते आमच्याकडे वळले. “किती लागला, गुरुजी?”

आम्ही अंदाज केला. “असेल पाच-सहा किलो.”

“मोजला कुनी?”

मोजला कोणीच नव्हता.